लाट सगळ्यांची, जमीन कुणाची?

बालीच्या दक्षिण किनाऱ्यावर जी लाट फुटते ती बालीत जन्माला येत नाही. अंटार्क्टिकाला वेढून असलेल्या दक्षिण महासागरात वादळं उठतात, त्यांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर हिंदी महासागर ओलांडत येतात, आणि बुकित द्वीपकल्पाजवळच्या प्रवाळ खडकावर तळ अचानक उथळ झाला की उभ्या राहून कोसळतात. एप्रिल ते ऑक्टोबर आग्नेयेकडून वारा वाहतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या कुता, चांगू, उलुवातूच्या किनाऱ्यांवर हा वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, त्यामुळे लाटेचं अंग गुळगुळीत राहतं आणि ती सावकाश, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मोडत जाते. नोव्हेंबरनंतर वारा पश्चिमेचा होतो आणि सर्फर आपल्या फळ्या घेऊन सानूर, नुसा दुआ, केरामासच्या पूर्व बाजूला जातात. हा सगळा खेळ निसर्गाचा. लाटेला कुंपण घालता येत नाही, तिचा सातबारा निघत नाही. पण लाटेवर स्वार होणाऱ्याला रात्री झोपायला खोली लागते, दोन वेळचं जेवण लागतं, गोडं पाणी लागतं, आणि हे सगळं जमिनीवरच मिळतं. म्हणून सर्फिंगच्या किनाऱ्याचं भवितव्य समुद्रात ठरत नाही. किनाऱ्यामागच्या जमिनीचा ताबा कुणाकडे आणि किती वर्षांसाठी आहे, यावर ते ठरतं.

हे म्हणणं बालीच्या उदाहरणावरून मांडण्याचं कारण सरळ आहे. जेमतेम साडेपाच हजार चौरस किलोमीटरच्या आणि सुमारे ४३ लाख वस्तीच्या या बेटावर कोविडपूर्वी, २०१९ साली, ६० लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले आणि २०२४ मध्ये तो आकडा पुन्हा गाठला गेला. त्या वर्षी ऑस्ट्रेलियाखालोखाल सर्वाधिक पर्यटक भारतातून गेले. बाली बिघडलं अशी तक्रार आता सर्रास ऐकू येते आणि तिचं खापर गर्दीवर फोडलं जातं. माझ्या मते गर्दी हे लक्षण आहे, मूळ दुखणं नाही. येणाऱ्या माणसाचे दोन प्रकार असतात: पाहुणा आणि पट्टेदार. पाहुणा यजमानाच्या घरात राहतो, भाडं देतो आणि निघून जातो. जमिनीविषयीचा पुढचा निर्णय यजमानाच्याच हाती उरतो. पट्टेदार तीस वर्षांचा ताबा विकत घेतो आणि निर्णयही घेऊन जातो. बालीच्या दक्षिणेत थोड्याच अंतरात हे दोन्ही प्रकार, आणि त्यांच्यामधला एक सरकारी प्रकारही, शेजारीशेजारी पाहायला मिळतात.

पहिला प्रकार कुताचा. १९३६ साली बॉब कोक आणि लुईस गॅरेट या अमेरिकन जोडीने कुताच्या वाळूवर झोपड्यांचं छोटं हॉटेल काढलं. कोक हवाईत सर्फिंग शिकला होता आणि बालीच्या पाण्यात फळी प्रथम आणली ती त्यानेच, असं मानलं जातं. महायुद्धात जपानी आले आणि ते हॉटेल संपलं. मग १९६९ मध्ये देनपसारचा विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला, आणि १९७१ साली ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार अल्बर्ट फॅल्झन याने उलुवातूच्या लाटेचं चित्रण केलं. पुढच्या वर्षी त्याचा ‘मॉर्निंग ऑफ द अर्थ’ हा चित्रपट झळकला आणि जगभरच्या तरुण सर्फरांना बालीचा पत्ता मिळाला. ही मुलं खिशाने हलकी होती. ती उतरली लोस्मेनमध्ये, म्हणजे कुताच्या कोळी-शेतकरी कुटुंबांनी आपल्याच वाड्याच्या आवारात बांधलेल्या खोल्यांमध्ये. पुढे व्हरांडा, सकाळी चहा आणि केळी, अंगणातल्या देवघरापाशी रोजचा फुलांचा नैवेद्य. भाडं घरच्या बाईच्या हातात पडे. उलुवातूला तर कड्यापर्यंत रस्ताच नव्हता. झुडपांतल्या पायवाटेने फळ्या आणि पिशव्या वाहून नेण्याचं काम पेचातू गावची मुलं करत, आणि ज्या गुहेतून समुद्रात उतरावं लागतं, तिच्या डोक्यावर पुढे गावकऱ्यांच्याच टपऱ्या उभ्या राहिल्या. कोरड्या चुनखडी पठारावर, जिथं भात पिकतच नाही, तिथं लाटेने रोख पैसा आणला आणि तो गावातच राहिला.

दुसरा प्रकार सरकारी. सरकारला हे भटके पाहुणे नको होते. त्याला हवे होते जास्त पैसा सोडणारे पर्यटक. १९७१ मध्ये फ्रेंच सल्लागारांनी बालीच्या पर्यटनाचा बृहद् आराखडा केला. त्यातली कल्पना वरवर पाहता शहाणपणाची होती: हॉटेलं बेटभर पसरू द्यायची नाहीत, ती दक्षिण टोकाच्या नुसा दुआला, नापीक जमिनीवर, एका वेशीआड एकवटायची, म्हणजे भातखाचरं आणि देवळं अबाधित राहतील. तिथलं पहिलं मोठं हॉटेल १९८३ मध्ये सुरू झालं. शेतीची जमीन वाचवण्यापुरती ती योजना बऱ्याच अंशी सफल झाली, हे मान्य केलं पाहिजे. पण स्थानिक माणूस तिथं मालक झाला नाही, नोकर झाला. पाहुण्याची सकाळ-संध्याकाळ वेशीच्या आतच गेली, नफा जकार्ता आणि परदेशी साखळी हॉटेलांकडे गेला, आणि गावाच्या वाट्याला पगार तेवढा आला. गंमत अशी घडली की ज्या कुताला आराखड्यात जवळजवळ स्थान नव्हतं, तिथंच सर्वसामान्य बाली कुटुंबं धंदा करायला शिकली.

तिसरा प्रकार गेल्या पंधरा वर्षांतल्या चांगूचा, आणि आज सगळी चिंता आहे ती त्याची. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूळ जमीन कायद्यानुसार ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त नागरिकालाच मिळते. परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही. हा कायदा चांगला आहे, आणि तो मोडण्याऐवजी त्याला वळसा घातला जातो. जमीन पंचवीस-तीस वर्षांच्या पट्ट्याने घेतली जाते आणि सगळं भाडं एकरकमी आगाऊ दिलं जातं. भाव ठरतो आर या मापावर, दर आरला दर वर्षी इतके. आपल्या सातबाऱ्यावरही आरच असतो: शंभर चौरस मीटर, जवळपास एक गुंठा. चार-पाच आरच्या तुकड्यावर पोहण्याच्या तलावासकट व्हिला बसतो. बांधणारा तो रोजच्या भाड्याने देतो, दोन-तीन वर्षांत उरलेल्या मुदतीचा पट्टा नफा घेऊन दुसऱ्याला विकतो, तो तिसऱ्याला. कागदावर मालक गावातलाच राहतो, पण त्याच्या जमिनीवर काय चाललंय ते त्याला रस्त्यावरून जाताना दिसतं तेवढंच. जमीन राहण्याची किंवा पिकवण्याची वस्तू उरत नाही, मुदतीच्या कागदासारखी हातोहात फिरते.

यातून काय मोडतं हे समजण्यासाठी खाचराच्या बांधावर उभं राहून पाणी कसं वाटलं जातं ते पाहावं लागतं. बालीतली सुबाक ही पाणीवाटपाची संस्था शतकानुशतकं चालत आली आहे. २०१२ साली युनेस्कोने तिच्या भूदृश्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मुख्य पाटात आडवा ओंडका बसवलेला असतो, त्याला ‘तेंबुकू’ म्हणतात. ओंडक्यात खाचा कोरलेल्या असतात, आणि प्रत्येक खाचेची रुंदी त्या वाटेने पाणी घेणाऱ्यांच्या हिश्शाइतकी असते. पाणी चढो वा उतरो, वाटणीचं प्रमाण बदलत नाही, आणि कुणाला मोजपट्टी घेऊन भांडावं लागत नाही. वरच्या गावांनी कधी लावणी करायची आणि खालच्यांनी कधी, हे पाण्याच्या देवळांमधून ठरतं. मानवशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी १९९१ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की एका टापूतली खाचरं एकाच वेळी पडीक राहिली की किडीला आसरा उरत नाही. हरितक्रांतीच्या काळात ही वेळापत्रकं मोडली तेव्हा किडीने पिकं खाल्ली. चांगू या पाटांच्या शेपटाला, समुद्राच्या तोंडाशी आहे. तिथं वरच्या अंगाला एकाने पट्ट्याने दिलेल्या जमिनीत व्हिला उठला आणि पाट बुजला किंवा वळला, की खालच्या चार शेतकऱ्यांचं पाणी जातं. त्यांनी काही विकलेलं नसतं, तरी त्यांची शेती संपते. मग तेही पट्टा करतात. त्यात आजूबाजूच्या भावामुळे शेतावरचा करही चढत गेला. पाणी गेलं आणि कर वाढला की ‘मी देणार नाही’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याचं बळ किती दिवस टिकणार?

आता राहायला येणाऱ्यांचं उत्पन्न पाहू. लॅपटॉपवर परदेशातली नोकरी करत बालीत राहू इच्छिणाऱ्यांसाठी इंडोनेशियाने २०२४ मध्ये वेगळा व्हिसा काढला. त्याची अट वर्षाला किमान ६०,००० डॉलर उत्पन्नाची आहे, म्हणजे महिन्याला ५,०००. ज्या बडुंग जिल्ह्यात कुता, चांगू आणि उलुवातू येतात, तिथलं त्या वर्षीचं किमान वेतन महिन्याला सुमारे ३३ लाख रुपिया होतं, डॉलरमध्ये साधारण २०० ते २१०. दोघं एकाच गल्लीत घर शोधतात आणि त्यांच्या उत्पन्नात चोवीस-पंचवीस पटींचा फरक असतो. अशा बाजारात घरभाडं कुणाच्या ऐपतीने ठरेल हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. चार दिवसांचा पर्यटक हॉटेलची खोली घेतो, गावातल्या घरभाड्याशी त्याची स्पर्धा नसते. वर्षभर राहणारा माणूस ती स्पर्धा करतो, त्याच्या मनात नसलं तरी करतो. तो मोपेडवर फिरतो, टपरीवर नासी चांपुर खातो, इंडोनेशियन बोलायला शिकतो, हे सगळं खरं आणि चांगलंच आहे. पण नम्र वागणुकीने भाडं खाली येत नाही.

पहिला आक्षेप ठरलेला आहे. जमीन त्यांची, पट्टा त्यांनी राजीखुशीने दिला, भातापेक्षा कितीतरी पट पैसा मिळाला, मुलं शिकली, पक्की घरं झाली. त्यांनी चिखलात राबत राहावं आणि आपण त्याचं कौतुक करावं, हा कुठला न्याय? या आक्षेपातला रास्त भाग मी पूर्ण मान्य करतो. भातशेतीतलं दारिद्र्य सुंदर नसतं, आणि दुसऱ्याने गरीब राहून आपल्याला देखावा पुरवावा ही अपेक्षा क्रूर आहे. पण ‘राजीखुशी’ तपासून पाहिली पाहिजे. पाणी तुटल्यावर दिलेली संमती ही पर्याय संपल्यावरची संमती असते. शिवाय एकरकमी पैसा आणि नियमित उत्पन्न यांत मोठा फरक आहे. तीस वर्षांचं भाडं आज हाती आलं की त्यातून घर, गाडी, लग्नकार्य, मृतांचे अंत्यसंस्कार होतात. पुढची तीस वर्षं कुटुंबाचं रोजचं पोट दुसऱ्याच्या पगारावर चालतं. करार करतो बाप, मुदत भोगतो मुलगा. आणि जमिनीचा वाढत गेलेला भाव या काळात पट्टा फिरवणाऱ्यांच्या खिशात जातो. कुताच्या लोस्मेनवाल्याने खोल्यांचं भाडं वाढवत नेलं, दोनाच्या चार खोल्या केल्या, तेव्हा वाढीचा फायदा त्याला झाला. वाद शेती विरुद्ध पर्यटन असा नाहीच. पर्यटनाचा वाढता फायदा यजमानाला मिळतो की कागद फिरवणाऱ्याला, असा आहे.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे. यजमानाच्या हाती जमीन राहिलेल्या कुताचं तरी काय झालं? गल्ल्या काँक्रीटने भरल्या, दारूचे अड्डे आले, पावसाळी पश्चिम वाऱ्यात किनारा प्लास्टिकने झाकला जातो, आणि २००२ च्या बॉम्बस्फोटांत २०२ माणसं मेली ती याच कुतात. हे खरं आहे. स्थानिक मालकी म्हणजे सगळ्या दोषांवर उतारा, असं मी म्हणत नाही. मालकाला नियमही लागतो. पण कुताचे काही मोठे घाव मालकांनी केलेले नाहीत. विमानतळाची धावपट्टी प्रवाळावर भराव घालून समुद्रात काढली गेली आणि वाळूचा प्रवाह अडून कुताची पुळण खचू लागली. पुढे जपानी साहाय्याने बाहेरून वाळू आणून टाकावी लागली. तो निर्णय राज्यसंस्थेचा होता. कचऱ्याचा प्रश्न तर सबंध बेटाचा आहे. सुवुंगची प्रचंड कचराभूमी २०२३ च्या ऑक्टोबरात पेटली तेव्हा ते सगळ्यांनी पाहिलं. ज्या गावात मालक राहतो तिथं चूक सुधारण्याची शक्यता तरी असते, कारण वास त्याच्याच नाकात जातो. मालक दुसऱ्या खंडात असेल तर ती शक्यताही नाही.

तिसरा आक्षेप असा की हा सगळा परकीयद्वेष आहे. तसा तो होऊ शकतो, म्हणून स्पष्ट सांगतो: माझा मुद्दा पासपोर्टचा नाही. १९९० च्या दशकात उलुवातूजवळ पेचातूला सुमारे ४०० हेक्टरांच्या प्रकल्पासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, तेव्हा त्यामागची कंपनी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या कुटुंबाशी संबंधित होती. कुणी परदेशी नव्हता. जकार्ताचा गुंतवणूकदार आणि सिडनीचा गुंतवणूकदार यांत गावाच्या दृष्टीने फरक नाही. उलट, सर्फिंगच्या निमित्ताने आलेल्या परदेशी पाहुण्यांनी बालीच्या मुलांना नवं कौशल्यही दिलं. रिओ वाइदा हा तरुण बालीच्या लाटांवर तयार झाला, टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये इंडोनेशियाकडून उतरला, आणि जागतिक सर्फिंगच्या अव्वल मालिकेत पोहोचला. मोकळेपणाशिवाय हे घडलं नसतं. पाहुण्याला दार उघडं असावं, हेच माझं म्हणणं आहे. घराची किल्ली मात्र घरच्यांकडे राहावी.

कुणाला हे नुसतं तत्त्व वाटेल, तर कोविडचा काळ पाहावा. २०२० मध्ये बालीची अर्थव्यवस्था नऊ टक्क्यांहून अधिक आक्रसली आणि २०२१ च्या सबंध वर्षात बेटावर आलेल्या परदेशी पर्यटकांची नोंद शंभराच्याही आत होती. हॉटेलं बंद पडली तेव्हा हजारो लोक आपापल्या गावी परतले, भात लावू लागले. नुसा लेम्बोंगानच्या उथळ पाण्यात समुद्री शेवाळाची शेती पुन्हा सुरू झाली. परतायला जमीन होती, किनारा मोकळा होता, म्हणून हे शक्य झालं. ज्याने आपला तुकडा तीस वर्षांसाठी देऊन टाकला होता, त्याला परतण्याची जागा नव्हती. पर्यटन हा लहरी धंदा आहे. साथ, स्फोट, आगुंग ज्वालामुखीची राख, काहीही तो एका रात्रीत थांबवतं. अशा धंद्यावर जगणाऱ्या माणसाच्या पायाखाली स्वतःची जमीन असणं हाच त्याचा विमा.

मग उपाय कायद्यात आहे का? कायदे बालीत पुष्कळ आहेत. नारळाच्या झाडापेक्षा, म्हणजे १५ मीटरांपेक्षा, उंच इमारत नको. भरतीरेषेपासून किमान १०० मीटर किनारपट्टी मोकळी. उलुवातूसारख्या महामंदिराभोवती पाच किलोमीटरचा पवित्र परिसर जपावा, असं हिंदू धर्मपरिषदेनं १९९४ मध्ये सांगितलं. यातला बराच भाग प्रत्यक्षात पाळला गेला नाही, आणि अंमलबजावणी आली की ती आधी लहानांवर पडते. जुलै २०२५ मध्ये उलुवातूजवळच्या बिंगिनच्या कड्यावरची चाळीसहून अधिक बेकायदा बांधकामं पाडली गेली. त्यांत सर्फरांना वर्षानुवर्षं जेवू घालणाऱ्या स्थानिक कुटुंबांच्या जागाही होत्या. जे खरोखर टिकलं ते गावाने स्वतः लढून राखलेलं. बेनोआ उपसागरात सुमारे ७०० हेक्टरांचा भराव घालून पर्यटननगरी उभारण्याची योजना आली, तेव्हा २०१३ पासून कलावंत, विद्यार्थी आणि पुढे डझनावारी परंपरागत ग्रामसभा, ज्यांना ‘देसा आदात’ म्हणतात, एकत्र आल्या. पाच वर्षांच्या आंदोलनानंतर २०१८ मध्ये त्या प्रकल्पाच्या परवानगीची मुदत संपली आणि २०१९ मध्ये उपसागर संरक्षित क्षेत्र ठरला. याच ग्रामसभा न्येपीच्या, म्हणजे वार्षिक मौनव्रताच्या, दिवशी विमानतळासकट सगळं बेट चोवीस तास बंद ठेवू शकतात. त्या दिवशी लाट कितीही सुंदर असो, पाण्यात कुणी उतरत नाही. मग एवढा अधिकार असलेल्या संस्थेला पट्ट्यांवरही बोलू द्यावं. मुदत लहान असावी, भाडं वर्षाकाठी यावं आणि बाजारभावाबरोबर वाढावं, पट्टा दुसऱ्याला देताना गावाची संमती लागावी, आणि सुबाकच्या पाटाला धक्का लागत असेल तर परवानगीच मिळू नये. यांतली एकही गोष्ट पाहुण्याला हाकलत नाही.

बालीच्या या हकिकतीत कोकणाने आणि गोव्याने आपला चेहरा पाहावा. गोव्यात मांद्रे, मोरजी, हरमलच्या पट्ट्यात सर्फिंगचे वर्ग चालतात, आणि भातशेती बिगरशेतकऱ्यांच्या हाती जाऊ नये म्हणून २०२३ मध्ये गोव्याला कायदा करावा लागला. महाराष्ट्राने १९९७ साली सिंधुदुर्गाला पर्यटन जिल्हा जाहीर केलं. मालवण-तारकर्लीला आजही कोळी आणि शेतकरी कुटुंबं आपल्या माडांच्या बागेत खोल्या काढून पाहुण्यांना घरचं जेवण वाढतात. हे आपलं लोस्मेनच, आणि ते अजून जिवंत आहे. दुसरीकडे १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर २०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी घातली होती, ती मर्यादा २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत ५० मीटरवर आणली. मुंबईतल्या सहहिस्सेदारांच्या सह्या गोळा करून गावची जमीन एका फटक्यात उचलणारे दलाल कोकणाला नवे नाहीत. कुता आणि चांगू यांच्यात कोणती वाट धरायची, हा निर्णय आपल्यापुढे अजून खुला आहे, आणि तो फार वर्षं खुला राहणार नाही.

म्हणून किनाऱ्यावर जाणाऱ्या मराठी माणसाला, मग तो बालीला जावो की सिंधुदुर्गातल्या तोंडवळीला, माझं सांगणं एवढंच: पाहुणे म्हणून जा, मालकाच्या घरात उतरा, पैसा त्याच्या हातात द्या आणि किनाऱ्यावर ‘गुंतवणूक’ शोधू नका. ज्याची जमीन आहे त्याला सांगणं असं: पर्यटन जरूर करा, खोल्या बांधा, दर वाढवा, मुलाला समुद्र शिकवा, पण तीस वर्षांचा आगाऊ पैसा घेऊन निर्णयाचा हक्क देऊ नका. आणि ग्रामसभांनी किनाऱ्यालगतच्या प्रत्येक दीर्घ मुदतीच्या कराराची माहिती मागण्याचा आग्रह आजच धरावा, कारण पाट बुजल्यानंतर मांडलेल्या ठरावाने पाणी परत येत नाही.